अरेका पामची टोकं कापली तरी पुन्हा करपतात : निदान कुठून सुरू करायचं

अरेका पाम घरी आणला की पहिले काही महिने तो छान तजेलदार राहतो. मग कधीतरी, बहुतेक वेळा होळीच्या आसपास, पातींची टोकं तपकिरी व्हायला लागतात. कात्रीनं टोकं कापली जातात, पाणी थोडं वाढवलं जातं, नर्सरीवाल्याला विचारून मूठभर खत घातलं जातं. दोन-तीन आठवड्यांत कापलेल्या जागेपासून खाली पुन्हा तपकिरी पट्टी उतरते, आणि पुन्हा कात्री हातात येते.

या तक्रारीला सहसा दोनच उत्तरं मिळतात : पाणी कमी पडतंय, नाहीतर पाणी जास्त होतंय. दोन्ही खरी असू शकतात. पण अगदी बेतानं पाणी घालणाऱ्या घरांतही टोकं करपतात, आणि आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये मला हेच सर्वांत जास्त दिसतं. तिथे पाण्याचं माप बरोबर असतं, दोष पाण्यात जे विरघळलंय त्याचा असतो. हे लक्षात न घेता माप कमी-जास्त करत राहिलं की झाड दोन्ही बाजूंनी त्रास भोगतं. म्हणून आधी पान नीट बघा, मग पाणी, मग मुळं. खताचं नाव त्यानंतर.

पान काय सांगतंय

रंगापेक्षा जागा महत्त्वाची. दिवसाच्या उजेडात एक खालचं जुनं पान, एक मधलं आणि एक अलीकडे उघडलेलं, अशी तीन पानं शेजारी शेजारी धरून बघा.

सगळ्यांत खालचं एखादंच पान पूर्ण पिवळं होऊन मग तपकिरी पडत असेल आणि बाकीचं झाड हिरवं असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. पामचं जुनं पान असंच जातं. तसंच देठ पिवळसर असणं आणि त्यावर बारीक काळे ठिपके असणं हे या जातीचं मूळ रूपच आहे. ठिपका नखानं खरवडल्यावर सुटून आला, तर मात्र ती खवले कीड.

फक्त टोक करपलंय, ते कोरडं आणि कुरकुरीत आहे, आणि हिरवा भाग जिथे संपतो तिथे जेमतेम एक पिवळी रेघ दिसते, तेही एका पानावर नाही तर बहुतेक सगळ्या पानांवर, जुन्यांवर जरा जास्त. हे लक्षण क्षारांचं, नाहीतर मुळांना पाणी न पोचण्याचं. दोन्हींत फरक कसा करायचा ते पुढे येईलच.

डाग पातीच्या मधोमध, फिकट पांढुरका, आणि फक्त खिडकीकडच्या पानांवर असेल तर ते ऊन. डाग मऊ, ओलसर, काळपट असेल आणि भोवती पिवळं वलय असेल तर बुरशीचा किंवा मुळं कुजल्याचा संशय घ्यायचा. जुनं पान उजेडासमोर धरल्यावर त्यात पिवळे-नारिंगी ठिपके आरपार दिसले आणि नवी पानं मात्र निरोगी असली, तर पोटॅश कमी पडतंय. आणि मधला भाला, म्हणजे अजून न उघडलेलं टोकदार नवं पान, तपकिरी होऊन हलक्या ओढीनं हातात आला, तर त्या खोडाचा कोंब गेला. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की ते खोड परत फुटत नाही. मग बाकीची खोडं वाचवायला लगेच मुळं बघावी लागतात.

पाण्यातले क्षार

मुळं पाणी घेतात, पान ते वाफेच्या रूपानं सोडतं. पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र वाफेबरोबर जात नाहीत. पाण्याचा प्रवास पातीच्या टोकाशी संपतो, म्हणून उरलेले क्षार तिथेच दाटत जातात आणि तिथल्या पेशी आधी मरतात. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात जे होतं तेच टोकाशी होतं : पाणी उडतं, मीठ मागे राहतं. कुंडीतल्या मातीतही हेच चालू असतं.

आता या दुखण्याचा हंगाम बघा. फेब्रुवारीनंतर हवा कोरडी आणि उष्ण होते, पानांतून पाणी भराभर उडायला लागतं. नेमक्या त्याच दिवसांत धरणाचं पाणी कमी येतं आणि सोसायटीच्या टाकीत बोअरचं, टँकरचं पाणी मिसळायला लागतं. धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. नळाच्या तोटीवर पांढरा थर येतो तो त्यांचाच. म्हणजे पानातून उडणारं पाणी वाढतं आणि येणारं पाणी जड होतं, दोन्ही एकदम. दरवर्षी उन्हाळ्यात तक्रार परत येते, पावसाळ्यात विरते आणि आपल्याला वाटतं गेल्या वेळचं खत लागू पडलं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं म्हटलंय. दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. ही मर्यादा माणसासाठी आहे. जमिनीतल्या झाडाच्या मुळाशी साठलेले क्षार पाऊस खाली वाहून नेतो. चौदाव्या मजल्यावरच्या कुंडीवर पाऊस पडत नाही, आणि खालच्या मजल्यावर पाणी गळायला नको म्हणून आपण मगानं थोडं थोडंच पाणी घालतो. मातीतून एक थेंबही बाहेर जात नाही. त्यामुळे पाण्यातून आलेले क्षार, झाडानं वापरले तेवढे सोडून, सगळे कुंडीतच राहतात. दीडएक वर्षं असं चाललं तर साधारण बऱ्या पाण्यानंही टोकं करपतात.

सॉफ्टनर म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र. त्याविषयी जरा जास्त लिहितो, कारण इथे चांगली माणसं फसतात. सोसायटीत सॉफ्टनर बसला की तोटीवरचा पांढरा थर थांबतो, साबणाला फेस येतो, आणि पाणी सुधारलं असं वाटतं. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस मोजायचं मीटर लावलात तर आकडा जवळजवळ तेवढाच दिसेल. झाडाला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा काही उपयोग तरी असतो. सोडियम नुसता जाचतो आणि मातीची भुसभुशीत घडण मोडून ती घट्ट करतो. म्हणून सोसायटीच्या प्लंबरला विचारा, सॉफ्टनरच्या आधीचा नळ कुठे आहे. पार्किंगमध्ये किंवा बागेजवळ तो बहुतेक असतोच. झाडांना सॉफ्टनरच्या पाण्यापेक्षा ते जड पाणी बरं.

आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी कुंड्यांना घालणं हे दुसरं. पाणी वाया जाऊ नये ही भावना योग्यच आहे, ते फरशीला, संडासाला वापरावं. पण प्यायच्या पाण्यातून काढलेले क्षार त्यातच असतात. विदर्भात आणि मराठवाड्यात कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी सकाळी झाडांना घालतात, त्याचंही तेच : रात्रभर वाफ होऊन उरलेलं ते पाणी मूळच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी याच्या अगदी उलट. ती हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एसीची सर्व्हिसिंग झाल्यावरचं पहिल्या दिवसाचं पाणी टाकून द्या, साफसफाईचं रसायन असू शकतं. बाकी खुशाल वापरा.

बादली रात्रभर उघडी ठेवली की क्लोरीन उडतो, क्षार नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो, विरघळलेलं मीठ बसत नाही. पाणी उकळलं तर थोडा चुना तळाशी धरतो, पण सोडियम, क्लोराइड, फ्लोराइड तसेच राहतात, आणि पाणी आटल्यामुळे अधिक दाट होतात.

फ्लोराइडचा विषय यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या वाचकांसाठी. या जिल्ह्यांत काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ड्रासीना, स्पायडर प्लँट, पीस लिली आणि अरेका यांना ते सोसत नाही, टोकं तशीच करपतात. तिथे बोअरच्या पाण्यावर ही झाडं ठेवायची असतील तर पावसाचं पाणी साठवणं हाच खरा उपाय. सुपर फॉस्फेट खतातही फ्लोराइड असतं, ते या झाडांना घालू नका.

संशय खरा की खोटा

आधी मातीच्या वरच्या थराकडे आणि मातीची कुंडी असेल तर तिच्या बाहेरच्या अंगाकडे बघा. पांढरी किंवा पिवळसर पापडी दिसली तर उत्तर जवळपास मिळालं.

खात्री करायची असेल तर पेनाएवढं टीडीएस मीटर पुरतं. ते स्वस्त मिळतं, आरओ दुरुस्त करणाऱ्याकडेही असतं. जे पाणी रोज घालता ते मोजा. मग कुंडीला भरपूर पाणी द्या, खालून ठिबकणारं पाणी वाटीत धरा आणि ते मोजा. घातलेलं पाणी 400 आणि बाहेर आलेलं 500-600 असेल तर कुंडी ठीक आहे, कारण दुसरं शोधा. बाहेरचं पाणी दुपटी-तिपटीच्या पुढे गेलं तर कुंडी क्षारांनी भरली आहे. नुकतंच खत घातलं असेल तर आकडा तसाही वाढतो, तेव्हा महिनाभर थांबून मोजा. स्वस्त कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटेतही बरंच मीठ असतं, ती न धुता वापरली असेल तर नव्या कुंडीतही आकडा मोठा येईल.

धुवून काढणं

उपाय एकच : भरपूर पाण्यानं माती धुणं. कुंडी बाथरूममध्ये किंवा गच्चीवर न्या. वरची पापडी खुरप्यानं बोटाच्या पेरभर खरवडून टाका, नाहीतर तीच विरघळून आत जाईल. मग कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू घाला. दहा लिटरची कुंडी असेल तर वीस लिटर. एकदम ओतायचं नाही. तीन-चार हप्त्यांत, मध्ये पाच-दहा मिनिटं थांबत, म्हणजे मातीत अडकलेले क्षार विरघळायला वेळ मिळतो. कमी क्षाराचं पाणी थोडंच असेल तर ते शेवटच्या हप्त्याला राखून ठेवा. पूर्ण निथळू द्या, ताटलीत साठलेलं पाणी फेका. त्यानंतर मातीचा वरचा दीड-दोन इंच थर कोरडा होईपर्यंत पाणी नाही.

पाणी जड असेल तर उन्हाळ्यात हे महिन्या-दीड महिन्यानं करावं लागेल. शिवाय रोजच्या पाण्याची सवय बदला. घोटभर घोटभर रोज देण्यापेक्षा माती कोरडी होत आल्यावर एकदाच इतकं द्या की थोडं पाणी खालून बाहेर येईल. गळण्याची भीती असेल तर खोल ताटली ठेवा आणि अर्ध्या तासानं रिकामी करा. जूनमध्ये पाऊस एकसारखा लागला की कुंडी दोन-चार दिवस बाहेर ठेवावी. इतकी चांगली धुणी दुसरी नाही. फक्त ढग उघडून कडक ऊन पडलं तर लगेच आत घ्या, घरातल्या पानाला ते सोसत नाही.

एक अट आहे. पाणी पटकन निथळत नसेल, मातीला नासका वास येत असेल, तर आधी धुवायला घेऊ नका.

मुळं

ओळखीच्या एका घरी अरेकाची सगळी टोकं गेली होती आणि पाणी तर पालिकेचं, गोड. मीटरनं काही दाखवलं नाही. वरची माती बोटाला ओली लागत होती. कुंडी आडवी करून, कडेनं थापट्या मारून मुळांचा गोळा बाहेर काढला. बाहेरून दोन बोटं जाडीचं ओलं कोकोपीट, आणि आत नर्सरीतून आलेला लाल चिकणमातीचा गोळा, इतका घट्ट की नख आत जाईना. मध्ये फोडला तर कोरडी ठणठणीत माती. घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेनं सरळ खाली जात होतं, आणि बहुतेक मुळं त्या कोरड्या गोळ्यात होती.

नर्सरीतली झाडं लांबच्या प्रवासात ढिली पडू नयेत म्हणून चिकणमातीत घट्ट बांधलेली असतात. आपण ती तशीच नव्या कुंडीत ठेवून भोवती कोकोपीट भरतो. वर ओलं आणि मुळाशी कोरडं, म्हणून पान पाणी कमी पडल्यासारखं वागतं. उलटही होतं : गोळा एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. निरोगी मूळ पांढरट-बदामी आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, मऊ, आणि चिमटीत धरून ओढलं तर साल निघून आत नुसता दोरा उरतो.

कोरडा गोळा असेल तर तो बादलीत तासभर बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेरची चिकणमाती बोटांनी हळूहळू सोडवा, साधारण एक तृतीयांश, त्याहून जास्त नाही. अरेकाला मुळांची छेडछाड आवडत नाही. एका कुंडीत बरीच रोपं दाटीनं लावलेली असतात, ती एकमेकांपासून ओढून वेगळी करू नका. नवीन कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी, खाली भोकं मोकळी. धुतलेलं कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे एक भाग. हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करा. मे महिन्यात मुळं हलवलीत तर झाड तगायला कठीण. कुजलेली मुळं असतील तर थांबू नका, महिना कुठलाही असो. मऊ मुळं कापा, कोरड्या मिश्रणात लावा, पाणी कमी ठेवा.

बाहेरची शोभेची कुंडी एकदा उचलून बघा. पुष्कळदा आतली कुंडी भोकाची आणि बाहेरची बंद, तळाशी चार बोटं पाणी साठलेलं आणि कोणाला पत्ता नाही, असं असतं.

बाकीची कारणं

ऊन : अरेकाला भरपूर उजेड हवा, पण मार्चनंतर पश्चिमेच्या ग्रिलमधलं दुपारचं ऊन नको. नर्सरीतलं झाड हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. ते थेट उन्हात ठेवलं तर दोन-तीन दिवसांत पांढुरके डाग पडतात. खिडकीपासून चार-पाच फूट आत सरकवा किंवा पडदा लावा.

एसी : झोत पानावर येत असेल तर कुंडी हलवा. पानांवर पाणी फवारल्यानं पानं स्वच्छ होतात, हवेतली आर्द्रता मात्र काही मिनिटांपुरतीच वाढते. आणि जड पाणी फवारलंत तर पानावर पांढरे डाग उरतात. चार कुंड्या जवळ जवळ ठेवणं त्यापेक्षा बरं.

लाल कोळी : कोरड्या हवेत हमखास येतो. पान राखाडी, निस्तेज दिसतं, मागे बारीक जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले की ओळख पटली. पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा, आणि त्यानंतर परत एकदा, कारण अंड्यांतून नवीन कोळी निघत राहतात.

पोटॅश : ठिपक्यांची ती जुनी पानं कापू नका. झाड त्यांतलं पोटॅश ओढून नव्या पानांना देत असतं. जुनी कापली की ते वरच्या पानांतून ओढायला लागतं. लाल पोटॅश, म्हणजे म्युरिएट, कुंडीत नको, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश, 0:0:50 नावाचं, लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि तेही कुंडी धुऊन झाल्यावर.

टोकं करपल्यावर एप्सम सॉल्ट, डीएपी खताचे दाणे, साखर-दुधाच्या चहाचा चोथा, ताक असं काही टाकू नये, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. एप्सम सॉल्टही मीठच आहे. क्षारांनी त्रासलेल्या कुंडीत आणखी क्षार घातले की पंधरा दिवसांत अर्धं पान जातं. चहाच्या चोथ्याला मुंग्या आणि बुरशी लागते.

किती दिवस वाट बघायची

करपलेलं टोक परत हिरवं होत नाही, म्हणून जुन्या पानांवरून उपाय लागू पडला की नाही ते ठरवू नका. उपाय केल्याच्या दिवशी एका पातीवर तपकिरी आणि हिरव्याच्या सीमेशी पेनानं बारीक खूण करा. महिन्यानं सीमा तिथेच असेल तर करपणं थांबलंय. त्यानंतर उघडणारं नवं पान टोकापर्यंत हिरवं आलं तर निदान बरोबर होतं. अरेका सावकाश वाढतो, नवं पान उघडायला उन्हाळ्यात एक-दोन महिनेही लागतात. तोवर एका वेळी एकच बदल करा. पाणी, जागा आणि खत तिन्ही एकदम बदललं तर कशानं काय झालं ते कळत नाही.

टोकं दिसायला वाईट वाटत असतील तर कापा, फक्त हिरव्यात कात्री घालू नका. तपकिरी भागाची केसभर कड ठेवून, पातीच्या मूळ आकाराप्रमाणे तिरकं कापा. हिरवं कापलं की नव्या जखमेशी पुन्हा तपकिरी कड येते आणि दुखणं वाढलं असं उगाच वाटतं. पानावर डाग पडले असतील तर एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटनं पुसून घ्या.